रसूलबी आणि बारवेतला विरोळा

रसूलबीचं तोंड वाईट होतं. हे आधीच सांगते, कारण माणूस गेलं की लोक त्याला देव करून टाकतात, आणि तिला देव केलेलं मुळीच खपलं नसतं. ती शिव्या द्यायची. लहानाला, थोराला, बैलाला, उन्हाला, हातातून निसटलेल्या बांगडीला. नमाज पढून उठली की घटकाभर गप्प असायची. तेवढीच गावाला विश्रांती.

ती मण्यारीण, म्हणजे बांगड्या भरणारी. बेंबळीच्या अलीकडं आमचं गाव. राज्य निजामाचं होतं आणि मी तिथं नवी सून होऊन आले होते. रसूलबीचं माहेर नळदुर्गचं. बोरी नदीच्या पाण्यावर ती वाढली. तिचे भाऊ मासे धरायचे आणि ही त्यांच्यामागं पाण्यात. तिचा नवरा पीरसाब इतका गरीब की त्याच्या तोंडात जीभ आहे की नाही अशी शंका यावी. तो तट्टावर लादून माल आणायचा आणि रसूलबी डोक्यावर टोपली घेऊन आसपासच्या गावांत बांगड्या भरत फिरायची. पाटलाच्या माजघरापासून कोळ्याच्या खोपीपर्यंत सगळीकडं तिला वाट होती. कुठल्या बाईचा हात नरम, कुणाचा पंजा रुंद, कुणाच्या मनगटाचं हाड लहानपणी मोडून वाकडं बसलेलं, हे तिला न बघता माहीत असायचं.

माझ्या हातात तिनं पहिल्यांदा बांगड्या भरल्या तेव्हा मी हात ताठ धरला होता.

"हात हाय का नांगराचा दांडा? ढिला सोड."

मी सोडला.

"आजून. हात तुजा न्हाईच असं समज. माजा हाय."

तिनं माझी बोटं एकत्र दाबली, अंगठा आत मुडपला, आणि बांगडी सरकन वर चढवली. दुखलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडायचं तर माहेरी जाऊन रड. हितं बांगड्या भरत्यात," ती म्हणाली. माझी सासू तोंडाला पदर लावून हसली. मला दोघींचाही राग आला.

आमच्याकडं बायका बांगडी फुटली असं म्हणत नाहीत. वाढवली म्हणतात. फुटली म्हणणं अशुभ. रसूलबीला हे पटायचं नाही. सासू म्हणाली, "रसूल, एक वाढवली बघ," की ती टोपली खाली ठेवत म्हणायची, "फुटली ती फुटली, बाई. काच हाय ती, वाढंल कशी? काच वाढत आसती तर म्या दारोदार फिरले आसते का?" सासू कानांवर हात ठेवायची आणि पुढच्या वेळी पुन्हा तिच्याकडूनच भरून घ्यायची. कारण तिनं भरलेल्या बांगड्या हाताला घट्ट बसायच्या, आणि दळताना, थापताना, धुताना टिकायच्या.

तिचं एक म्हणणं होतं, ते ती सगळ्यांना ऐकवायची. पोरगं पडलं, दूध नासलं, कोंबडी दिसेनाशी झाली, बायकांनी गलका केला, की रसूलबी ओरडायची, "आदी बगा, मंग बोंबला!"

गावाबाहेर एक बारव होती. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर, चारी बाजूंनी काळ्या दगडात बांधलेली. पिण्याचं पाणी गावातल्या आडाचं. बारव धुण्याची आणि अंघोळीची, आणि दुपारच्या वेळी फक्त बायकांची. पुरुष तेव्हा तिकडं फिरकायचे नाहीत. ही रीत कुणी लिहून ठेवलेली नव्हती, पण सगळे पाळायचे. सुनेला दिवसभरात मोठ्यानं बोलायला मिळायचं ते तिथंच.

त्या बारवेत रसूलबी पोहायची. बाईमाणूस पोहतं हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. लुगड्याचा काचा घट्ट मारून ती वरच्या कठड्यावरून उडी टाकायची. अंगानं आडवी होती, त्यामुळं पाणी चारी बाजूंच्या पायऱ्यांवर उसळायचं आणि आमचं वाळत घातलेलं धुणं भिजायचं. आम्ही ओरडलो की ती पाण्यातून म्हणायची, "पुन्ना वाळंल की! ऊन का तुमच्या बापानं आणलंय?"

तिनंच आम्हाला पोहायला शिकवलं. कमरेला दोन वाळलेले भोपळे बांधायचे आणि ढकलून द्यायचं, एवढीच तिची पद्धत. आधी नाही म्हणणाऱ्या बायका एकेक करून आल्या. माझी नणंद सोजर सगळ्यांत आधी. ती पंधरा वर्षांची असेल, लग्न ठरलेलं, सुगी झाली की उडवायचं होतं. मी मात्र भोपळ्यांसकट बुडायचे. रसूलबी म्हणायची, "हिला भोपळे नगं, भोपळ्यांनाच हिच्यापासून वाचवा."

आता विरोळ्याचं सांगते. काही जण त्याला दिवड म्हणतात, आमच्याकडं बोलताना इरुळा म्हणतात. पाण्यातला साप, बिनविषारी. बारवेत एक मोठा विरोळा राहायचा. पाण्यालगत दोन दगडांमध्ये फट होती, ते त्याचं घर. पहिल्यांदा दिसला तेव्हा आम्ही सगळ्या ओल्या लुगड्यांनिशी वरच्या पायरीवर. रसूलबी पाण्यातच उभी.

"आदी बगा, मंग बोंबला. ये हिकडं, सोजर. त्याच्या डोळ्याखाली बग. काय दिसतंय?"

"काळी रेघ."

"किती?"

"दोन. एक डोळ्याखाली, एक मागं."

"रडून काजळ वघळल्यावानी. हाय का न्हाई? आन् अंगावर बग, सोंगट्याच्या पटावानी काळी घरं. ही वळख. ही दिसली की भ्यायचं न्हाई, पन हात बी लावायचा न्हाई. इख न्हाई त्याला, पन अक्कल बी न्हाई. लगीच चावतंय."

त्यानंतर आम्ही त्याला रोज बघायचो. तो नुसतं डोकं पाण्यावर काढून तासन् तास थांबायचा. बेडूक जवळ आला की झडप. एकदा त्यानं बेडकाला मागच्या पायांकडून धरलं आणि अर्धा गिळला, तरी बेडूक आतून ओरडतच होता. ऐकवत नव्हतं. रसूलबी म्हणाली, "सासरी गेलेली पोरगी आशीच वरडती, कुनी जातंय का बगायला?" सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही.

ऊन असलं की तो पायरीवर पसरायचा. कधी फटीतून त्याची कात लोंबायची. मारायला काठी उगारली की मान चपटी करून उभा राहायचा, अगदी नागासारखा. नवखा माणूस तिथंच फसायचा. थंडीच्या दिवसांत एकदा फटीत अंडी दिसली आणि त्यांना वेढा घालून बसलेला साप. म्हणजे आमचा विरोळा मादी होती. रसूलबीनं त्या बाजूला धुणं बडवायचं बंद करायला लावलं. "बाळातीन हाय. तिकडं आपटू नगा." तरी तिच्या तोंडी तो तोच राहिला, आणि आमच्याही.

तिला सापांची भीती नव्हती असं कुणी समजू नये. एकदा आमच्या कडब्याच्या गंजीत खरा नाग निघाला. गाव गोळा झालं. सगळ्यांना वाटलं, रसूलबी आहे, धरेल. ती सगळ्यांच्या मागं, पार गोठ्याच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

कुणीतरी म्हणालं, "मण्यारणे, आता का मागं सरली? तू तर सापाच्या जातीची!" मण्यार नावाचाही साप असतो, अत्यंत विषारी, त्यावरून हा टोमणा.

"नाग हाय त्यो," रसूलबी म्हणाली. "मला काय जीव वर आलाय? तुमीच जा फुडं, तुमची मिशी लई मोठी हाय."

तो पुढं गेला नाही. नाग आपला आपण ओढ्याकडं निघून गेला.

यानंतर जे झालं त्याला रसूलबीच जबाबदार होती.

कुठल्यातरी तपासाला एक जमादार गावात आला. सरकारी माणूस, घोडा, पट्टा, सगळा थाट. दुपारच्या वेळी तो सरळ बारवेवर गेला, कपडे काढून पायरीवर बसला आणि अंगाला साबण लावू लागला. आम्ही धुण्याची गाठोडी घेऊन वर उभ्या. खाली जाता येईना आणि त्याला बोलायची कुणाची छाती नाही. पाटीलसुद्धा निंबाखाली उभे राहून खोकत होते, एवढंच.

रसूलबी आली. टोपली उतरवून तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि इतक्या गोड आवाजात बोलली की आम्ही एकमेकींकडं बघत राहिलो.

"हुजूर, आराम से नहाव. बस, उस फट के बाजू में पाव रखो नक्को."

"क्यों?"

"साप है, हुजूर. बहोत बडा है."

जमादार हसणार होता. तेवढ्यात विरोळ्यानं साबणाच्या फेसातून डोकं वर काढलं. जमादार जो उठला तो पायऱ्या चढताना त्याच्या एका हातात पट्टा, एका हातात पगडी, आणि साबण डोळ्यांत. घोडासुद्धा त्याच्याकडं बघत होता. गाव कित्येक दिवस हसलं. रसूलबी घरोघर बांगड्या भरताना ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची आणि प्रत्येक वेळी साप हातभर वाढायचा. कुणी विचारलं, जमादाराशी खोटं का बोललीस, तर म्हणायची, "खोटं कुटं? साप हायेच की. इखारी हाय असं म्या कवा म्हन्ले?"

पण ऐकणाऱ्यांनी ते जोडून घेतलं. बायकांना खरं माहीत होतं. पुरुष सकाळी घाईत अंघोळ उरकून जायचे, त्यांना नव्हतं. महिन्याभरात चावडीवर बोलणं सुरू झालं की बारवेत काळा नाग आहे, एवढा मोठा की जमादार पळाला. दगडूआबा म्हणू लागले, बारव बाभळीच्या काट्या लावून बंद करून टाका.

दगडूआबा म्हणजे गावात डाग देणारे. साप चावला, विंचू चावला, गाठ आली, की लोक त्यांच्याकडं जायचे. चावलेल्या जागी वस्तऱ्यानं चिरायचं आणि तापवून लाल केलेला विळा ठेवायचा. माणूस भला होता, कुणाकडून काही घ्यायचा नाही. पण त्यांनी डाग दिलेल्या गणपा गुरवाचा हात कायमचा वाळला होता. देवापुढं घंटा वाजवायची तर तो डाव्या हातानं वाजवायचा. आबा म्हणायचे, हात गेला पण गणपा राहिला. ते खरं की खोटं हे कोण सांगणार?

सुगी संपत आली होती. सोजर भोपळे बांधून पोहत होती, मी पायरीवर धुणं पिळत होते. दमली म्हणून तिनं आधारासाठी उजवा हात टाकला तो नेमका फटीत. किंचाळली. हात बाहेर काढला तेव्हा अंगठ्याजवळून रक्ताची धार लागली होती.

त्या दिवशी रसूलबी बारवेवर नव्हती, शेजारच्या वाडीला गेली होती. एक बाई "साप, साप" करत गावात पळाली आणि मग कुणाच्याच हातात काही राहिलं नाही. पुरुषांनी सोजरला उचलून मारुतीच्या पारावर नेलं. मनगटावर, कोपरावर दोऱ्या आवळल्या. आबा आले. गवऱ्या पेटल्या, विळा विस्तवात गेला.

तेव्हाची एक रीत होती. साप चावलेल्याला कडुनिंबाचा पाला चावायला द्यायचा. कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर विष चढलं. आबांनी पाला आणायला पाठवलं. तो येईपर्यंत माझी सासू धावत आली. पोर हातची जाते म्हणून तिनं काय करावं? येताना मुठीत गुळाचा खडा घेऊन आली आणि सोजरच्या तोंडात घातला. लेकीच्या तोंडात शेवटचं काहीतरी गोड जावं म्हणून. मग पाला आला. सोजरनं चावला.

"कसा लागतोय?" आबांनी विचारलं.

"गोड," सोजर म्हणाली.

सासूनं पारावर डोकं आपटलं. कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. माझे सासरे नुसते म्हणाले, "आबा, उशीर नगं." आबांनी वस्तरा घासायला घेतला.

तेवढ्यात रसूलबी आली. वेशीतच तिला कळलं होतं. गर्दीतून कोपरं मारत आली, टोपली माझ्या डोक्यावर ठेवली, "बांगडी फुटली तर तुजी हाडं मोडीन," म्हणाली आणि सोजरचा हात धरून उजेडाकडं वळवला.

"आबा, वस्तरा ठिवा. इरुळा हाय ह्यो."

"रसूल, तू बाजूला हो."

"बगा तर! इखारी सापाचे दोन दात उमटत्यात. ह्ये बगा, फणी टोचल्यावानी बारीक बारीक, रांगच्या रांग. आन् रगात बगा किती वाहतंय."

"पाला गोड लागला तिला," आबा म्हणाले. "आन् साप लई मोटा हाय म्हनून जमादाराला कुनी सांगितलं? तूच ना? सगळ्या गावाला सांगत फिरलीस. आता इरुळा म्हनतीस?"

रसूलबीनं सोजरचा हात हळूच खाली ठेवला.

मग ती म्हणाली, "म्या सांगितलं. चूक माजी. मंग मलाच निस्तरू द्या. त्यो साप हितं आनते. तवर पोरीला हात लावायचा न्हाई."

"आन् तवर पोर गेली तर?" सासऱ्यांनी विचारलं.

"तर माजं घर जाळा," रसूलबी म्हणाली.

दिवस कसले होते ते त्या काळातल्या माणसांना माहीत आहे. हिंदू-मुसलमान एका पारावर उभे होते, पण आधीसारखे मोकळे नव्हते. असलं वाक्य तेव्हा कुणी गमतीनं बोलत नव्हतं. पीरसाब गर्दीच्या कडेला उभा होता. त्यानं मान खाली घातली, पण नको म्हणाला नाही.

ती बारवेकडं निघाली. मी तिच्या मागं, टोपली डोक्यावर तशीच. ती पायऱ्या धावत उतरली आणि लुगड्यासकट पाण्यात शिरली. फटीत खांद्यापर्यंत हात घातला आणि शिव्या द्यायला लागली. "भाईर ये, भाड्या! पोरीची जिंदगी घालवलीस! ये म्हन्ते ना?" तो आत तिला चावत होता, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. पण तिनं हात काढला नाही. बराच वेळ चाचपलं आणि मग ओढला तो मानेमागं घट्ट धरलेला विरोळा घेऊनच. तिच्या हाताला त्यानं वेटोळी मारली. हात रक्तानं भरला होता.

गावातून ती तशीच चालत आली. ओलं लुगडं, हातावर साप. पारावरची माणसं दगडांवर चढली. ज्याची मिशी मोठी होती तो मारुतीच्या गाभाऱ्यात शिरला.

"बगा!" रसूलबी म्हणाली. "डोळ्याखालची रेघ बगा. अंगावरली घरं बगा. पोट पांढरं बगा. लांबून नगं, जवळ या."

विरोळ्यानं मान चपटी केली. "फना काढला! नाग हाय!" कुणीतरी ओरडलं.

"हा फना? आरं, माज्या तळव्याएवडा बी न्हाई. फन्यावरला दहाचा आकडा कुटं हाय, दाव."

आबा जवळ आले. त्यांनी वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "दिसतोय तर इरुळाच," ते म्हणाले. "पन हिला ह्योच चावला कशावरून?"

प्रश्न बरोबर होता. रसूलबीनं साप माझ्या डोक्यावरच्या टोपलीतल्या फडक्यात बांधला आणि गाठोडं पारावर ठेवलं. मग सोजरच्या हाताच्या दोऱ्या सोडल्या. आणि टोपलीतून बांगड्या काढल्या. सोजरच्या मापाच्या नव्हेत, त्याहून लहान. त्या तिनं चावलेल्या हातात भरल्या. जखमेवरून नेताना सोजर ओरडली, तरी भरल्या. एकही फुटली नाही. मनगटावर अशा बसल्या की बोट आत जाईना.

"आता बसा सगळे," ती म्हणाली. "इख आसंल तर हात सुजंल. सुजला तर बांगड्या मांसात रुततील, नखाएवडी सूज बी लपायची न्हाई. रुतल्या तर तुमचा इळा आन् तुमचा वस्तरा, म्या पाय धरते. आन् सोजर, डोळे मिटायचे न्हाईत. नवऱ्याचं नाव घे."

"मला न्हाई येत," सोजर रडत म्हणाली.

"लगीन म्हयन्यावर आलंय आन् नाव घ्याया येत न्हाई? म्हन माज्यामागं."

आणि तिथं, पेटलेल्या गवऱ्या आणि लाल विळ्याच्या शेजारी, रसूलबीनं सोजरला उखाणे शिकवले. एकापेक्षा एक वाह्यात. सासरे दुसरीकडं बघू लागले. सोजर लाजली, मग चिडली, मग चुकीचं म्हणू लागली की रसूलबी पुन्हा म्हणायला लावायची. सगळं गाव त्या मनगटाकडं बघत होतं. आबा मधूनमधून येऊन बांगडीला बोट लावायचे आणि परत जायचे. विळा दोनदा काळा पडला, दोनदा पुन्हा विस्तवात घातला.

ऊन कलायला लागलं तेव्हा रसूलबीला एकाएकी काहीतरी सुचलं. "आगं, पाला चावायच्या आदी काय खाल्लं व्हतंस?"

"आईनं गूळ दिला," सोजर म्हणाली.

रसूलबीनं माझ्या सासूकडं पाहिलं. सासूनं रसूलबीकडं पाहिलं.

"चूळ भर," रसूलबी म्हणाली. सोजरनं चूळ भरली. पाला पुन्हा दिला. तिनं चावला आणि तोंड असं वाकडं करून थुंकली की आबांच्या धोतरावर शिंतोडे उडाले.

"कडू जहर हाय गं माय!"

पारावर जे हसू फुटलं ते मला आजही आठवतं. सासू हसत होती आणि रडत होती आणि स्वतःच्याच तोंडात मारून घेत होती. आबा तसेच उभे होते. त्यांनी सोजरचं मनगट हातात घेतलं आणि हलवलं. दोऱ्यांनी आलेला फुगवटाही उतरला होता. बांगड्या वाजल्या. मग त्यांनी विळा विस्तवातून ओढला आणि घंगाळात बुचकळला. फस्स झालं. एवढंच. माफी वगैरे कुणी मागितली नाही, आमच्याकडं ती पद्धत नव्हती. पण बाभळीच्या काट्यांचं नाव पुन्हा निघालं नाही.

गाठोड्यातला विरोळा रसूलबीनं परत बारवेत सोडला. सगळ्या बायका बरोबर गेल्या. पाण्यात सोडताना तो जाताजाता तिला आणखी एकदा चावला, आणि तिनं त्याला जे म्हटलं ते मी इथं लिहिणार नाही.

आता कुणी हे वाचून साप चावल्यावर बांगड्या भरत बसू नये. सरळ दवाखान्यात जावं. पाल्याची रीत खुळी होती. आणि हात सुजला नाही म्हणजे विष नाही असंही नसतं, नागानं चावलेला कधीकधी फारसा न सुजताही जातो. हे मला पुढं दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं. रसूलबीला ते अर्धंमुर्धं माहीत असावं, म्हणून ती सोजरला डोळे मिटू देत नव्हती. तेव्हा दवाखाना बैलगाडीनं दिवसभराच्या अंतरावर होता, आणि विळा पुढ्यात होता.

सोजरचं लग्न ठरल्या दिवशी झालं. चुडा रसूलबीनंच भरला. उजव्या हातानं भाकरी थापत, जातं ओढत, पोरं वाढवत सोजर म्हातारी झाली.

पुढं दोनेक वर्षांनी निजामाचं राज्य गेलं. त्या दिवसांत आसपासच्या गावांत मुसलमानांवर वाईट प्रसंग आले. काही घरं रिकामी झाली, काही माणसं परत आलीच नाहीत. ते झालं नाही असं म्हणणारे आहेत, मी त्यांतली नाही. आमच्या गावात दगडूआबांनी आपली बाज उचलून रसूलबीच्या दारात टाकली आणि तिथंच झोपायला लागले. रसूलबी आतून त्यांना ओरडायची, "आबा, घोरू नगा! पोरं उटत्यात!" तिच्या घराला कुणी हात लावला नाही.

नंतर माझ्या नवऱ्याला धाराशिवला कचेरीत शिपायाची नोकरी लागली आणि आम्ही गाव सोडलं. ती गेली तेव्हा मी तिथं नव्हते, कळलंही उशिरा. मी तिला शेवटचं पाहिलं ते गाव सोडताना, बैलगाडीतून.

दुपारची वेळ होती. गाडी बारवेजवळून जात होती. खाली पाण्यात पोरीच पोरी, काहींना मी ओळखतही नव्हते. रसूलबी वरच्या कठड्यावर उभी, केस पांढरे झालेले, काचा मारलेला. मी गाडीतून हाक मारली, "मावशी, निगाले मी!"

तिनं वळून पाहिलं नाही. नुसता हात मागं करून मला गप्प राहायची खूण केली. खाली एका पोरीनं नुकतीच कमरेची गाठ सोडली होती. भोपळे एकीकडं तरंगत चालले होते, पोरगी दुसरीकडं हातपाय मारत होती. तिच्या नाकातोंडात पाणी जात होतं. गाडीवानानं बैल थांबवले नाहीत. मी मान वळवून बघत राहिले. पोरगी बुडाली, वर आली, पुन्हा बुडाली, आणि मग समोरच्या पायरीला तिचा हात लागला.

रसूलबी कठड्यावरून इतक्या जोरात ओरडली की आमचे बैल बुजले आणि गाडी पळत सुटली.